मार्चचे चोवीस दिवस

पदवीधर हा राष्ट्राचा कणा आहे, असे पदवीदान समारंभाच्या पाहुण्यांनी १९८१ साली मुलुंडमध्ये छातीवर हात ठेवून सांगितले. त्याच महिन्यात भांडुपच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने त्या कण्यातला नंदू वढावकर नावाचा एक मणका दरमहा साडेपाचशे रुपयांवर बसवून घेतला. मणका टिकतो की नाही हे आधी बघायचे होते, म्हणून पहिले सहा महिने साडेचारशे.

नंदू बी.कॉम. होता, तोही फर्स्ट क्लास. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा फर्स्ट क्लास दोघांनाच मिळाला होता. दुसरी तळमजल्यावरची मृणालिनी टिपणीस. तिने बँकेची परीक्षा दिली आणि घाटकोपरच्या शाखेत काउंटरला लागली. नंदूनेही तीच परीक्षा दिली असती, पण फॉर्म भरायच्या आठवड्यात त्याच्या आईने, वनमालाबाईंनी, काउंटरवर बसणे हे काही करिअर नव्हे असे मत दिले. त्या मताची किंमत पुढे दरमहा कळत गेली.

या दोघांचे जमले होते. ते बिल्डिंगला आधी कळले आणि त्यांना स्वतःला जरा उशिरा. जात जुळत होती, पत्रिका जुळवून घेता येत होती, दोन्ही घरी मासे चालत होते. मग नंदू १९८२च्या जानेवारीत इस्त्रीचा शर्ट घालून मृणालिनीच्या वडिलांसमोर जाऊन बसला.

मार्तंडराव टिपणीस सरकारी ऑडिटमधून निवृत्त झाले होते. हिरवी पेन्सिल मात्र त्यांनी परत केली नव्हती. त्यांनी नंदूची सगळी माहिती ऐकून घेतली, चहा पाजला आणि अट सांगितली. नवऱ्याचा पगार बायकोपेक्षा जास्त हवा. फार नको, एक रुपया जास्त असला तरी चालेल. पण हवा, आणि तो पगाराच्या स्लिपवर दिसला पाहिजे, कारण ऑडिट कागदावर चालते, माणसावर नाही.

मग त्यांनी फूलस्कॅपवर दोन रकाने आखले. नंदू पाचशे पन्नास, मृणालिनी नऊशे चौतीस. अंतर तीनशे चौऱ्याऐंशी. दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी, दोघांनी स्लिपा घेऊन यावे असे ठरले.

नंदूला अट अपमानकारक वाटली नाही, उलट सोपी वाटली. आपण पदवीधर, कंपनी वाढती, साहेब ओळखीने बोलणारा. त्याला ठाऊक नव्हती ती एकच गोष्ट. बँकेचा महागाई भत्ता दर तिमाहीला महागाईबरोबर वाढतो, आणि भांडुपच्या कंपनीत साहेबाच्या मर्जीबरोबर. महागाई कधी थकत नाही. साहेबाची मर्जी वर्षातून एकदा, डिसेंबरात, बंद पाकिटातून यायची.

ही पाकिटे 'अत्यंत गोपनीय' असायची. शिपाई कुंडलिक ती टेबलाटेबलावर वाटायचा, आणि दुपारच्या चहापर्यंत कोणाला किती मिळाले हे सगळ्यांना माहीत असायचे, कारण पाकीट उघडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे कुंडलिक वीस वर्षे बघत आला होता. तो सावंतवाडीकडचा, सातवी पास, युनियनचा मेंबर. भत्ता आणि ओव्हरटाइम धरून त्याला नंदूच्या दुप्पट मिळायचे. नंदूने एकदा थट्टेत विचारले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "साह्यबा, माझो पगार इचारू नको. तुका झोप येवची नाय."

तर नंदू सातशेवर गेला, तोवर मृणालिनी एक हजार सत्त्याऐंशीवर. अंतर तीनशे सत्त्याऐंशी. नंदू आठशे पंच्याहत्तर झाला, तेव्हा ती बाराशे साठ. तीनशे पंच्याऐंशी. मार्तंडरावांनी हिरव्या पेन्सिलीने खूण केली आणि सुधारणा आहे म्हणाले.

त्या तीन वर्षांत नंदूइतका स्वस्ताईचा भुकेला माणूस उपनगरांत दुसरा नसेल. कांदा चढला की वनमालाबाई कांदे कमी आणायच्या. नंदूचे जेवणच कमी व्हायचे. रॉकेल वाढले, डाळ वाढली, की त्याला समोर मृणालिनी दोन रुपये, चार रुपये, लांब जाताना दिसायची. लोक पेपरात आपले भविष्य बघतात, हा महागाईचा निर्देशांक बघायचा. आणि तिकडे बँकेत भत्ता जाहीर झाला की सगळे सहकारी एकमेकांना पेढे द्यायचे. मृणालिनी पेढा घ्यायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची.

मुलुंडच्या पाच रस्त्यावर उसाच्या रसाचे दुकान होते, तिथे दोघे शनिवारी भेटायचे. एके दिवशी ग्लासातला बर्फ विरघळल्यावर ती म्हणाली, "नंदू, मी आळशी झाले तर माझा पगार कमी होईल का रे?"

नंदू म्हणाला, "तुझी युनियन होऊ देणार नाही."

१९८४च्या दिवाळीनंतर कंपनीत करार झाला. तीन आठवडे झेंडे, घोषणा, गेटसमोर मांडव; शेवटी मालकाने सही केली. करारात यंदा प्रथमच क्लार्कलोकही होते. क्लार्क व्हायचे तर महागाईबरोबर वाढणारा भत्ता धरून तेराशे नव्वद, वर ओव्हरटाइम. नंदूला श्यामसुंदर साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. त्यांच्यासमोर दोन पत्रे होती. एकात नंदू क्लार्क होता. दुसऱ्यात असिस्टंट ऑफिसर. पगार अकराशे पन्नास, भत्ता नाही, ओव्हरटाइम नाही. पण व्हिजिटिंग कार्ड, आणि हात असलेली खुर्ची. साहेब म्हणाले, क्लार्कला पगार असतो, ऑफिसरला भविष्य असते. दोन वर्षांत दोन हजारांवर नेतो. हे त्यांनी कागदावर लिहून दिले नाही, कारण ऑफिसरलोकांत तसे लिहून मागत नाहीत.

बाहेर कुंडलिक स्टुलावर बसला होता. तो म्हणाला, "कारकून हो रे बाबा. खुर्चीचे हात काय चावन खातलस?"

नंदूने ऑफिसरच्या पत्रावर सही केली. करण्यासारखी चूक ती एकच होती, आणि पदवीधर माणसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ती झाली नसती. वनमालाबाईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. तळमजल्यावर मृणालिनीने स्वतःच्या हाताने पेढा घेतला, कार्ड वाचले, मागची कोरी बाजूही वाचली. क्लार्क झाला असता तर अंतर अठ्ठावन्न रुपयांवर आले असते. आता ते दोनशे अठ्ठ्याण्णव होते, आणि यापुढे नंदूला महागाईसुद्धा मदत करणार नव्हती.

त्या शनिवारी ती रसाच्या दुकानात आली, पण बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "तुला माझ्याशी लग्न करायचंय की खुर्चीशी?"

नंदूने भविष्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "माझं वय चोवीस आहे. दोन वर्षांनी सव्वीस. बाबांच्या रकान्यात ते कुठेच लिहिलेलं नाही." आणि निघून गेली. नंदूने दोन्ही ग्लास प्यायले. पैसे दिलेच होते.

जानेवारीचा रविवार असाच गेला. फेब्रुवारीत मृणालिनीच्या मावशीने तिच्यासाठी बोरिवलीचे स्थळ आणले. मुलगा सरकारी कंपनीत, पगार सतराशे, स्वतःचा ब्लॉक. मार्तंडरावांनी ते नाकारले नाही. एप्रिलच्या रविवारचे आकडे बघून बोरिवलीला कळवू म्हणाले. मार्चच्या स्लिपवर भत्ता पुन्हा वाढून मृणालिनीचा पगार चौदाशे शहात्तर होणार, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होते. नंदू साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला बसायला सांगितले, कारण आता तो ऑफिसर होता, आणि धीर धरायला सांगितले, कारण आता तो ऑफिसर होता.

मार्चचा महिना मृणालिनी नेहमीसारखी डबा घेऊन नऊला घराबाहेर पडत होती आणि साडेसहाला परत येत होती. फक्त चेहऱ्यावर काउंटरचा शीण दिसत नव्हता. तिच्या आईला, वसुधाबाईंना, वाटले की मुलीने बोरिवलीची तयारी केली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी नंदू शर्टाला इस्त्री न करताच गेला. मार्तंडराव खिडकीपाशी बसले होते. पंख्याने फूलस्कॅप उडू नये म्हणून त्यांनी त्यावर सार्वजनिक वाचनालयाचे एक जाड पुस्तक ठेवले होते. वसुधाबाई दाराशी उभ्या राहिल्या. नंदूने स्लिप दिली. अकराशे पन्नास. मार्तंडरावांनी ते लिहिले.

मृणालिनीने आपली स्लिप टेबलावर ठेवली.

त्यांनी ती वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. एकूण पगाराच्या चौकटीत अकराशे बेचाळीस रुपये सत्तर पैसे होते.

नंदूला वाटले बँक बुडाली.

"लॉस ऑफ पे, सात दिवस," मार्तंडराव वाचत म्हणाले. "मार्चचे चोवीस दिवसच भरलेस."

"सहा दिवसांनी भागत नव्हतं," मृणालिनी म्हणाली. "अकराशे नव्वद राहत होते. हिशोब करून घेतली रजा." मग ती नंदूकडे वळली. "तू क्लार्क झाला असतास ना, तर दोन दिवसांत काम झालं असतं. तुझ्या खुर्चीच्या हातांपायी मी पाच दिवस जास्त घालवले."



वसुधाबाई म्हणाल्या, अगं पण ही फसवणूक झाली. मृणालिनी म्हणाली, "कसली? स्लिप खरी आहे. सही-शिक्का खरा आहे. ऑडिट कागदावर चालतं, हे बाबांनीच सांगितलंय." आवाज चढला नव्हता, पण तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "तीन वर्षं मी बढतीची परीक्षा दिली नाही. भत्ता वाढला की देवाला नमस्कार करायचा की माफी मागायची, तेच कळत नव्हतं. आता तीनशे तेहतीस रुपये सोडून दिले. याहून कमी व्हायला मला सांगू नका."

मार्तंडरावांनी फूलस्कॅप पुढे ओढला. आपण चव्वेचाळीस साली साठ रुपयांवर लागलो होतो आणि तेव्हा वसुधेच्या वडिलांनी काहीच अट घातली नव्हती, हे त्यांच्या मनात आले असेल किंवा नसेल. ते तसे बोलले नाहीत. त्यांनी नियमाप्रमाणे केले. रकान्यात अकराशे बेचाळीस सत्तर लिहिले. वजाबाकी करून पाहिली, उलटी बेरीज करून ताळा घेतला. सात रुपये तीस पैसे जास्त. शेजारी हिरव्या पेन्सिलीने 'तपासले, बरोबर' असे लिहून सही ठोकली. नंदूची सही घेतली. मग तो कागद घडी घालून वसुधाबाईंकडे दिला आणि बोरिवलीला नाही म्हणून कळवा म्हणाले.

वसुधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नंदू वाकून नमस्कार करू लागला. मृणालिनी तिथेच खुर्चीवर बसली. तीन वर्षांतल्या अशा रविवारी ती पहिल्यांदाच बसत होती.

"एक राहिलं," मार्तंडराव म्हणाले.

नंदू वाकलेलाच राहिला.

मार्तंडरावांनी टेबलावरचे जाड पुस्तक उचलून लेकीच्या मांडीवर ठेवले. "सात दिवस वाचनालयात बसून होतीस, धोंडू ग्रंथपालानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हाच हे बदलून आणायचंस की गं. मुदत टळून गेलीय. उद्या बँकेत जाताना तेवढं टाकून ये."