अर्नीचा न धुतलेला ढीग

आमच्या ओढ्यावर प्रत्येक घरात एक ढीग न धुता राखायची पद्धत होती. ओढ्याच्या तळाची चांगली खडी उपसायची, घरामागं रचायची, वर ताडपत्री टाकायची आणि अडीनडीला ठेवून द्यायची. न धुतलेल्या ढिगात किती नीलम आहेत हे कुणी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याला खोटंही पाडता येत नाही. आमचे आजे याच ओढ्यात कथील शोधायचे आणि चाळणीत येणारे निळे खडे शिव्या घालून फेकायचे. त्यांनी फेकलेलं वेचण्यात पुढच्या दोन पिढ्या गेल्या. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

अर्नी ट्रँटरचा ढीग सगळ्यांत मोठा. "नडलं की धुऊ आणि यांबाला समुद्रकाठी घर घेऊ," असं तो बायकोला, डॉरीनला, जन्मभर सांगत आला. दुष्काळ आला, मेंढ्या गेल्या, त्याची कंबर गेली. पण पुरेसं नडलंय असं काही त्याला वाटलं नाही. शेवटी तोच गेला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

डॉरीननं नुकतंच घर विकलं. आता ती इन्व्हरेल गावात इस्पितळामागच्या दोन खोल्यांत जाणार होती. सामानाचा ट्रक गुरुवारी येणार होता. सोमवारी तिचा फोन आला.

"प्रोफेसर, चाळण्या घेऊन ये."

मी शाळेत भूगोल शिकवतो. ओढ्यावर प्रोफेसर व्हायला तेवढं पुरतं. चाळणी धरायला मला अर्नीनंच शिकवलं होतं.

"राहू दे ना, डॉरीन. नव्या मालकाची कंबर मोडू दे."

"मला नीलम नकोत रे. तो माणूस माझ्याशी खरं बोलत होता की नाही, एवढं बघून जायचंय."

ताडपत्रीच्या तारा अर्नीनं स्वतः पिळलेल्या होत्या, तशाच होत्या. मी पहिली चाळण भरली आणि पाण्याच्या पिंपात बुचकळली. ओढ्याची न धुतलेली खडी पहिल्यांदा बुचकळली की पाण्याचा दुधाचा चहा करते. पिंपातलं पाणी मात्र नितळ राहिलं. चाळणीचा तळ दिसत होता.

मी उगाच जोरजोरात चाळण हलवू लागलो.

"थांब," डॉरीन म्हणाली. "चिखल कुठंय?"

"पावसानं गेला असेल."

"ताडपत्रीखाली? भूगोल शिकवतोस ना पोरांना?"

खडी एकदा धुतलेली होती. अर्नीनं कधीतरी गुपचूप सगळा ढीग धुतला होता, त्यात घर घेण्याजोगं काही निघालं नव्हतं, आणि त्यानं तो पुन्हा रचून ठेवला होता.

डॉरीन उलट्या बादलीवर बसली. ओढ्याकडच्या झाडांवर काकाकुवे कलकलत होते.

"मी बहिणीच्या गावी गेले होते, तेव्हाच," ती म्हणाली. "आले तर हा म्हणे, पाठ भरलीय. मी आठवडाभर शेकत बसले. लबाड मेला!"

मी चाळण खाली ठेवली.

"ठेवलीस का? उपडी कर."

"धुतलेल्यात काय असणार?"

"त्यानं धुतलंय ना? त्याला चष्मा लाव म्हणून सांगता सांगता माझे दात पडले. उपडी कर."

मी चाळण गोणपाटावर उपडी केली. जड खडे मधोमध येतात, त्याला आम्ही डोळा म्हणतो. डोळ्यात एक वाटाण्याएवढा खडा होता, एका बाजूनं निळा, दुसरीकडून हिरवट.

"आंधळा!" डॉरीन ओरडली. इतकी खूश मी तिला अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

बुधवारी अंधार पडेपर्यंत आम्ही सगळा ढीग चाळला. अर्नीच्या नजरेतून सुटलेले असे नऊ निघाले, आणि प्रत्येकाला तिनं त्याच्या नावानं वेगळी शिवी दिली. पैलू पाडणाऱ्यानं ते भिंगाखाली धरले आणि म्हणाला, यात समुद्रकाठी घर येत नाही, शनिवार-रविवारपुरती खोली येते.

"चालेल," डॉरीन म्हणाली. "गाडी तू चालव, प्रोफेसर. पण जाताना कबरस्तानावरून नको. अर्नीला कळलं तर म्हणेल, बघ, सांगत नव्हतो?"