ओरडलीस तर तिकीट रद्द

"मौन धरलंस तर घराक आग लागली तरी तोंड उघडूचा नाय," असं कणकवलीच्या आतेने बजावलं होतं. वाळूच्या टेकडीवर, फळीवर बसल्यावर रत्नमालाला ते आठवलं.

अकरा वर्षं ती रोज उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मौन पाळत होती. कुवेतमधल्या महबूलाच्या त्या फ्लॅटमध्ये या व्रताचं पुण्य कोणाला लागलंच असेल तर तिच्या नवऱ्याला. पण बाईंना कोण अभिमान. भजनाला जमलेल्या बायकांत विषय नसला तरी त्या तो काढत.

आता लेक उर्वी निकाराग्वाला निघाली होती, ज्वालामुखीच्या उतारावरून फळीवर बसून घसरायला. रत्नमालाने अश्रू ढाळले, अन्न गोड लागत नाही असं सांगत दोनदा जेवली. शेवटी बुधवारी उर्वीनेच पैज लावली. शुक्रवारी मम्मीने वाळूच्या टेकडीवरून एकदा घसरायचं. ओरडली तर तिकीट रद्द. नाही ओरडली तर राखेत घालायचा जाड सूट तिने शिवून द्यायचा. रत्नमालाने तिथल्या तिथे वचन दिलं. झुरळ दिसलं तरी किंचाळणारी बाई ती, यात हरायचं काय?

ऊन तापायच्या आत म्हणून दोघी सातलाच पोचल्या. गप्प बसणं इतकं अंगवळणी पडलेलं, की नऊच्या आधी ओरडता येणार नाही हे वाटेभर तिच्या ध्यानातही आलं नाही.

आता आलं. एक किंकाळी, एवढंच हवं होतं. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, देव समजून घेईल, असं ती मनाशी म्हणतेय तोच उर्वीने फळी ढकलली.

पोट माथ्यावरच राहिलं, बाकीची रत्नमाला खाली निघाली. तिने तोंड उघडलं, आत वाळू गेली. मिटलं ते मिटलंच. व्रतासाठी, असं तिने पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं तर अर्ध्या उतारावर तिला हसू फुटलं होतं, ते आवरताना ओरडायचं राहूनच गेलं.

उर्वी धापा टाकत खाली आली. "मम्मी, आर यू ओके? नऊला अजून दीड तास आहे हं," ती साळसूदपणे म्हणाली.

सातचीच वेळ का, ते रत्नमालाला तेव्हा कळलं. डोळे वटारण्यापलीकडे तिला काही करता येईना.

नऊ वाजता गाडीत तिने पहिला शब्द काढला. "कंबर किती तुझी?"

संध्याकाळी तिने मापाची टेप पर्समध्ये टाकली आणि गुडघ्यांना दुहेरी कापड लावायचं, असं ठरवत कापड आणायला गुपचूप शुवैखच्या बाजाराची बस पकडली.