तूतुकुडीतली सही

दिलीप परांडकर हायकोर्टातल्या वकिलीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि त्यांची फुप्फुसं आतून राठ होत चालल्याचं कळलं. औषधांनी आजार थांबत नव्हता, नुसता मंदावत होता. दिवाळीनंतर हैदराबादेत, त्यांच्या चिक्कडपल्लीत थंडी आणि धूर एकदमच उतरायचे, मग त्यांना जिना चढवेना. मागच्या हिवाळ्यात त्यांना घशात नळी घालून सहा दिवस मशीनवर ठेवावं लागलं होतं.

यंदा डॉक्टर म्हणाले, "जमलं तर थंडीचे दोन महिने उबदार जागी काढा. समुद्राकाठी वगैरे."

सुजातानं ते शब्दशः घेतलं. तीस वर्षं ती सिकंदराबादच्या शाळेत स्वतः गाडी चालवत शिकवायला गेली होती. तिनं एक कॅराव्हॅन भाड्यानं ठरवली. टेम्पोएवढी गाडी, आत दोन पलंग, शेगडी, चिमुकलं न्हाणीघर आणि ऑक्सिजनचं मशीन दिवसभर चालेल अशी बॅटरी. आठ दिवस ती रिंग रोडवर वळणं घ्यायला शिकली.

त्यांची मुलगी त्रिवेणी शहराच्या पलीकडच्या गच्चीबावलीहून भांडायलाच आली. "आई, सीरियसली? बाबांना काही झालं तर एकटी काय करशील? तिकडची लँग्वेजसुद्धा येत नाही तुला."

"तू परेशान नको होऊ," दिलीप म्हणाले. "आई गाडी चालवेल, मी हवा खाईन."

निघायच्या आदल्या संध्याकाळी सुजाता औषधांचा डबा भरत होती. दिलीपनी तिचा हात धरला. "एक कबूल कर. तिकडे काही झालं तर नळी नक्को. मागच्या वर्षीची मला अजून घशात जाणवते."

"असं काय बोलता?"

"कबूल कर, नाहीतर मी येत नाही."

"कबूल," ती म्हणाली.

नेल्लोर ओलांडल्यावर त्यांचा खोकला उतरला. पुदुच्चेरीच्या पुढे स्वेटर निघाला. घरी अर्धं वाक्य बोलून थांबणारा माणूस नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावून गाडीच्या पायरीवर बसायचा आणि गौलीगुड्यातल्या एका अशिलाचा किस्सा शेवटपर्यंत सांगायचा. स्वतःचा बनियन स्वतः धुऊन आरशाला वाळत घालायचा. रामेश्वरच्या अलीकडे एका किनाऱ्यावर ते वाळूत चाळीस पावलं चालले. सुजातानं मोजली. मागे वळून ते म्हणाले, "मोजतेस काय मास्तरणीसारखी!" लग्नानंतर इतकी मोकळी ती दोघं कधी राहिली नव्हती. बारा दिवस असे गेले.

तेराव्या दिवशी ते तूतुकुडीच्या पुढे कोळ्यांच्या एका गावाजवळ थांबले होते. सकाळी दिलीपना ताप होता. चहा त्यांनी बाजूला सारला. ओठ निळसर झाले होते. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर एकाहत्तर आकडा दिसला. मशीन पूर्ण सोडूनही तो वर जाईना.

सुजातानं गाडी सुरू केली.

"नक्को," ते म्हणाले. "इथंच. खिडकी उघड."

तिनं खिडकी उघडली आणि गाडी तूतुकुडीकडे वळवली. चाळीस किलोमीटर. मागून ते पलंगाच्या कडेवर बोटांनी ठकठक करत होते. पाणी हवं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि थांबली नाही.

हॉस्पिटलातली तरुण डॉक्टर इंग्रजीत म्हणाली, "लगेच नळी घालावी लागेल. नाहीतर तासाभरात जातील. निर्णय तुमचा."

कागद पुढे आला. मागच्या वर्षी सहाव्या दिवशी नळी निघाली होती, हे सुजाताला आठवलं. पण त्याहून जास्त तिला ते बारा दिवस आठवले. प्रवास वाईट गेला असता, तर तिनं त्यांना जाऊ दिलं असतं. तिला तसे आणखी दिवस हवे होते. तिनं सही केली.

रात्रीपर्यंत त्रिवेणी विमानानं पोचली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "वेळेवर आणलंस, आई. आणि मी तुला काय काय बोलले!"

पाचव्या दिवशी गुंगीचं औषध कमी केलं. नळी उपसू नये म्हणून त्यांचे हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. त्रिवेणी खाली औषधं आणायला गेली होती. नर्सनं एक हात सोडून वही-पेन दिलं. त्यांनी वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'काढ'.

नर्सनं विचारलं, काय म्हणतात?

"वॉटर," सुजाता म्हणाली.

मग त्यांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "अहो, दोन दिवस. मागच्या वर्षीसुद्धा असंच होतं ना?" दिलीप तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्रिवेणीनं हाक मारली की ते डोळे उघडायचे. सुजातानं मारली की नाही.

पुढे मूत्रपिंडं थांबली. अकराव्या दिवशी दुपारी ते गेले. दहन तिथंच केलं.

परतताना गाडी त्रिवेणी चालवत होती. नेल्लोरपाशी चहाला थांबल्यावर हॉस्पिटलची फाइल चाळताना तिला वहीतला तो कागद सापडला. मराठी तिला धड वाचता येत नसे. "का... ढ? हे बाबांचं आहे? काय काढ?"

सुजातानं सगळं सांगितलं. कबूल केलेलं, खिडकी, सही, 'वॉटर'.

त्रिवेणीचा चहा तसाच राहिला. "सही मीपण केली असती," ती म्हणाली. "पण हे मला का नाही दाखवलंस? मी खालीच होते, आई."

"तू काढायला सांगितलं असतंस."

"आय डोन्ट नो." तिनं तोंड फिरवलं. "पण बाबांना 'हो' तरी म्हटलं असतं कुणीतरी."

हैदराबादपर्यंत ती फक्त रस्त्यापुरतं बोलली.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. जो तो म्हणे, काय हिंमत बाईची, नवऱ्यासाठी शेवटपर्यंत सगळं केलं. पहिल्या दिवशी सुजातानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्यांना नको होतं. मी कबूल करून मोडलं." कुणीतरी म्हणालं, असं बोलू नये. तिसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. माणसं लवकर उठू लागली.

"सगळ्यांना कशाला सांगतेस?" त्रिवेणी स्वयंपाकघरात तिला म्हणाली. "लोक काय म्हणतात माहीत आहे? बाईचं डोकं फिरलंय."

"म्हणू देत."

"मग मला त्रास होतो म्हणून तरी थांब."

सुजातानं मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, ते त्रिवेणीला कळलं नाही. दारावरची बेल वाजली. दिलीपची थोरली बहीण नीलिमा आली होती. जिना चढून तिला धाप लागली होती. सुजातानं तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाबद्दल एक सांगायचंय."