मास्तरांच्या चष्म्याने पाहिलेली ओळ

मी चष्मा आहे, ओनुफ्रियोस मास्तरांचा. उजवी काडी दोऱ्याने बांधलेली, डाव्या काचेवर ओरखडा. जन्मलो निकोसियातल्या एका दुकानात, पण माझं आयुष्य गेलं ते गावातल्या कॉफीघरात.

सायप्रसमधल्या आमच्या गावात कॉफीघरं दोन. चौकाच्या या बाजूला आमच्या पक्षाचं, त्या बाजूला विरोधकांचं. तिकडची कॉफी आमच्यातल्या कुणीही चाखलेली नाही, तरी ती पाणचट असते यावर सगळ्यांचं एकमत! रोज सकाळी मास्तर मला नाकावर चढवत, पेपर मोठ्याने वाचत आणि प्रत्येक बातमीवर आपलं मत ठोकून देत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तर त्यांना उधाणच आलं होतं. बँका डबघाईला आल्या होत्या, लोकांच्या ठेवींना कात्री लागणार अशी कुजबुज होती.

पिएरिस गवंडी हा मास्तरांचा लंगोटीयार. त्याला वाचता येत नव्हतं. लग्नाआधी लेकीला घर बांधून द्यायचं म्हणून त्याने बाग विकली होती आणि आलेला सगळा पैसा बँकेत ठेवला होता.

“मास्तर, काढून घेऊ का रे पैसे?”

“आणि ठेवशील कुठे? कोंबड्यांच्या खुराड्यात?” मास्तर हसले. “आपला उमेदवार काय म्हणतो ते ऐक आधी.”

पेपरात छापलं होतं, ‘ठेवींना कात्री लागू नये यासाठी प्रयत्न करू.’ मी स्पष्ट पाहिलं. मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचलं, “ठेवींना कात्री लागणार नाही!” टाळ्या पडल्या. समोरच्या कॉफीघरात ऐकू जावं म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. लबाडी नव्हती हो त्यात. आपला माणूस निवडून यावा एवढीच हौस. पिएरिसने तो पेपर मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

आपला माणूस निवडून आला. पुढे महिनाभरात बँकांना टाळं लागलं. ती उघडली तेव्हा ठेवींना कात्री लागली होती, पिएरिसची निम्मी बाग गेली होती. लेकीच्या घराच्या भिंती कमरेएवढ्या होऊन थांबल्या.

तो पेपर घेऊन पिएरिस बँकेत गेला आणि तणतणत परत आला.

“त्या बँकेतल्या पोरीला धड वाचता येत नाही रे, मास्तर! म्हणे ‘प्रयत्न करू’ लिहिलंय. तू वाच, आणि त्या ओळीखाली रेघ मारून दे. तिच्या नाकासमोरच धरतो!”

मास्तरांनी मला दोनदा पुसून नाकावर चढवलं. मग त्यांनी वाचलं, अगदी हळू, जसं छापलं होतं तसं.

पिएरिसने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हणजे तेव्हाही असंच होतं?”

“हो रे.”

त्याने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. त्याने पेपर टेबलावर ठेवला, नेहमीसारखे दोघांच्या कॉफीचे पैसे दिले आणि निघून गेला.

त्या दिवसापासून मी टेबलाच्या खणात पडून आहे. मास्तरांनी पेपर सोडला. पिएरिस समोरच्या कॉफीघरातही दिसत नाही म्हणतात; तो कुठेच जात नाही. मला तोंड असतं तर मी त्या सकाळी ओरडलो असतो, याच विचाराने अजून जीव तुटतो माझा.

तुम्हीही कुणाला काही वाचून दाखवत असाल. छापलंय तेवढंच वाचा हो. ऐकणाऱ्याकडे दुसरे डोळे नसतात.