खिंडीतली सुकेळी

वसईतल्या गास गावच्या फेलिशियाबाई गाडीतून उतरल्या त्याच मुळी नाक मुरडत. कामणच्या डोंगरातली ही खिंड. जुन्या काळी वसईचा किल्ला घ्यायला निघालेली फौज म्हणे इथूनच खाली उतरली. आता तिथे त्या मोहिमेचं माहिती केंद्र झालं होतं. बाईंना फौजेचं काय कौतुक? त्यांना आपली सुकेळी बघायची होती.

राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवली की सुकेळी होतात. सैनिकांच्या शिदोरीचं कपाट मांडायला म्हणून केंद्राने महिन्यापूर्वी बाईंकडून दोन डझन नेली होती. त्याचं अप्रूप एवढ्यासाठी, की गेली दोन वर्षं घरात त्यांच्या सुकेळ्यांना कुणी हात लावला नव्हता. नातवंडं चिकट म्हणून नाकं मुरडायची. मागल्या दारचा, केळी वाळवायचा बांबूचा माळा रविवारी मोडून तिथे गाडी लावायची, असं मुलाने, मर्विनने, ठरवलं होतं. बाई हो म्हणून बसल्या होत्या. जीव तुटत होता, पण खाणारंच नाही तर करायचं कुणासाठी?

मर्विनचा हात धरून त्या कपाटापाशी आल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'सुकेळी : वसईतील लोप पावलेला पदार्थ.' काचेमागे ताट रिकामं.

"लोप पावला," बाई सावकाश म्हणाल्या. "मग मी काय भूत आहे? आणि माझी सुकेळी कुठे फेकलीत?"

केंद्राचा रखवालदार हरेश्वर, कामणचाच पंचावन्न वर्षांचा गडी, मान खाली घालून उभा राहिला.

"फेकली नाय मावशी. खाल्ली."

"कुणी?"

"पयलं मीच. एकच घेतलं, चव बघायला. लहानपनी खाल्लेलं, ऱ्हावलं नाय. मग शाळेची सहल आली, त्यांच्या बाईंनी मागितलं. पोरांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. आता रोज कोनतरी विचारतं, कुठं मिळतात? मी काय सांगनार? पाटी दाखवतो."

बाईंना चांगलं खडसावायचं होतं. पण राग म्हणून येईना, उलट मेले डोळेच भरून आले. दोन डझन सुकेळी, आणि एकही उरलं नाही. त्यांनी पदराने डोळे टिपले, पिशवीतून पेन काढलं आणि हरेश्वरच्या हातात ठेवलं.

"ती पाटी उतरव. मागच्या कोऱ्या बाजूला माझा फोन नंबर लिही."

मग त्या मर्विनकडे वळल्या.

"माळ्याला हात लावायचा नाही. गाडी गल्लीत लाव."