खाडा

तिने बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर शाखेचा अहवाल आपोआप भरत गेला. टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. सगळ्यांसाठी खुलं, फुकट सॉफ्टवेअर लिहिणारी ही हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जीव तोडून राबायची, पण काय केलं ते मुख्य मंडळाला कळवायचं म्हटलं की एकेकाचं डोकं दुखायला लागायचं. आता कुणी काही लिहायचंच नव्हतं. संगणक लावला की नावापुढे हजेरी, काम केलं की त्याची नोंद.

युक्ती तिच्या दादाची. गेल्या वर्षी ती अर्धवट टाकून तो वारला आणि उरलेलं तिने हट्टाने पुरं केलं.

मग टाळ्या थांबल्या. सगळ्यात खाली दादाचं नाव होतं, आणि त्यापुढे याच महिन्याची हजेरी. जवळजवळ रोजची. परवाची तेवढी चौकट रिकामी होती.

तिच्या अंगावर काटा आला. चाचणीसाठी दादाने आधी स्वतःचाच संगणक जोडला होता, तो काढायचा राहून गेला, एवढं तिला उमगलं. पण लावतंय कोण? त्याच्या खोलीत तर ती पाऊलही टाकत नव्हती.

शाखाप्रमुखांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"अहवाल संध्याकाळी जायचाय," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याआधी तेवढं नाव काढ, बाळ."

घराचं दार उघडलं तर दादाच्या खोलीतून घरघर येत होती. तो असताना यायची तशीच. ती चपला न काढताच आत गेली.

आई पलंगाच्या कडेला बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. समोर संगणक चालू, पडद्यावर पासवर्डची रिकामी जागा.

"काही बिघडवत नाही गं मी," आई म्हणाली. "तू बाहेर पडलीस की नुसता लावते. घर खायला उठतं. हा घुमत राहिला की वाटतं, आहे आत. हाक मारली तर आलो आलो म्हणेल, आणि येणार नाही."

तिला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. डोळे पुसून तिने आईला सगळं सांगितलं, हजेरीचंही. आता हा बंद करायला हवा, हे मात्र तिच्या तोंडून निघेना.

आईची सुई थांबली.

"म्हणजे हा लागला की तिकडे कळतं?"

"कळतं."

"परवा मला ताप होता. उठलेच नाही मी." आईचा चेहरा उतरला. "त्याचा खाडा पडला असेल का गं?"

"नाही पडला," ती म्हणाली.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला, नाव काढलंस का म्हणून. काढते, असं तिने सांगितलं. मग लॅपटॉप उघडून आईशेजारी बसली आणि आधी परवाची चौकट स्वतःच्या हाताने भरली.