माझ्या तोंडातला कापूस

मित्रांनो, मी एक जुना स्टॅबिलायझर आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

नागपूरच्या एका कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली. तिथून मी सौंसरला हेमंतरावांच्या फोटो स्टुडिओत आलो. अंधाऱ्या खोलीत फोटो मोठे करायचं यंत्र होतं, त्याची वीज मी सांभाळायचो. थोडी कमी-जास्त झाली तर मी सावरून घ्यायचो. फारच वाढली तर भोंगा वाजवून लाल दिवा लावायचो. माझं कामच ते!

शेजारी श्रावणची पीठगिरणी होती. ती बंद झाली की वीज एकदम उसळायची आणि मी ओरडायचो. हेमंतराव वैतागायचे. त्यांनी मला थापडा मारल्या, उलटं केलं, पांढुर्ण्याहून मिस्त्री आणून माझे स्क्रू आवळले. मला सतरांदा तपासलं हो, पण गिरणीकडे एकदाही कोणी पाहिलं नाही. शेवटी त्यांनी माझ्या भोंग्यात कापसाचा बोळा कोंबला. वर दसऱ्याला माझी पूजा केली आणि नेमकं लाल दिव्यावरच कुंकू थापलं. अशी पूजा काय चाटायची?

त्याच आठवड्यात रामाकोन्याच्या पंचफुलाबाई आल्या. त्यांची लेक गुलाब तापात गेली होती. घरातला तिचा फोटो गळत्या छपराखाली खराब झाला होता, उरली होती एक निगेटिव्ह. हेमंतरावांनी ती यंत्रात लावली, बल्ब चालू ठेवला आणि बाहेर चहा घ्यायला बसले. तेवढ्यात गिरणी थांबली. मी जीव तोडून ओरडलो, पण कापसातून नुसती गुणगुण निघाली.

बाकावरच्या पंचफुलाबाईंना ती ऐकू आली.

"भाऊ, अंदर काई तरी बोंबलून राह्यलं."

"त्याले खोडच हाये, बाई. तुमी चहा घ्या."

त्यांचा चहा संपेपर्यंत निगेटिव्ह तापून आकसली. गुलाबचा चेहरा गेला.

हेमंतराव हात जोडून उभे राहिले. पंचफुलाबाई बाकावरून उठल्या. मग आत आल्या, पदराने माझ्या दिव्यावरचं कुंकू पुसलं.

"माही पोरगी तर गेली," त्या म्हणाल्या. "आता याच्या तोंडातला कापूस काढा."

मित्रांनो, माझी पूजा करू नका. मी ओरडलो, तर का ओरडतो ते उठून बघा.